रद्द नको असलेली चिठ्ठी

ती चिठ्ठी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्यांतली कित्येक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या केसमधला, हे आठवायला वेळ लागतो. पण गिरगावात एका सुट्टीच्या दिवशी एका टॅक्सीला दिलेली नो पार्किंगची चिठ्ठी जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. कारण त्या प्रकरणात मी बरोबर वागलो की चुकलो, हे मला अजूनही कळलेले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी सब-इन्स्पेक्टर होऊन फार दिवस झाले नव्हते. नेमणूक गिरगावातल्या एका ठाण्यात आणि राहायला दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत, आईबरोबर. आठवड्यातले चार दिवस बंदोबस्तात जात. सभा, मोर्चे, हरताळ. अंगावर खाकी असली की मराठी माणूस मराठी माणसाकडे कसा बघतो, ते मी त्या काळात पाहिले. शेजारचे निवृत्त वकील रोज सकाळी मला हाक मारून फिरायला नेत, त्यांनी हाक मारणे बंद केले. मी घरी आलो की आई माझी टोपी उचलून कपाटात ठेवी, खिडकीतून कुणाला दिसू नये म्हणून.

बंदोबस्त नसेल त्या दिवशी टेबलावर साचलेली किरकोळ प्रकरणे मी उरकत असे. हरवलेल्या वस्तू, नळावरची भांडणे, वाहतुकीच्या तक्रारी. अशाच एका सकाळी तो टॅक्सीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने बारीक, छातीवर पितळी बिल्ला. मूळचा मालवणकडचा. आधी गिरणीत होता, मग स्वतःची टॅक्सी घेतली. राहायला काळाचौकीच्या एका चाळीत.

त्याने अर्ज पुढे केला. अक्षर त्याचे नव्हते, कुणाकडून तरी नीट लिहून घेतले होते. 'सदर दिवस सार्वजनिक सुट्टीचा असल्याने नो पार्किंगची चिठ्ठी मला मान्य नाही. प्रकरण कोर्टात पाठवावे व चिठ्ठी देणाऱ्या हवालदारास साक्षीस बोलावावे.'

मी म्हणालो, "अहो, किरकोळ दंड आहे. भरून टाका आणि मोकळे व्हा. कोर्टात दोन दिवस धंदा बुडेल."

"बुडू दे, साहेब. पण हवालदार साक्षीला आला पाहिजे."

मला हे विचित्र वाटले. ज्याला दंड चुकवायचा असतो तो गयावया करतो, कुणाची तरी ओळख सांगतो, आजारी बायको पुढे करतो. हवालदाराला साक्षीला बोलवा, असे कुणी म्हणत नाही. मी अर्ज ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितले.

त्याच दुपारी मी जागा पाहून आलो. गिरगावच्या रस्त्यावर, एका गल्लीच्या तोंडाशी ती पाटी होती. 'नो पार्किंग' ही अक्षरे स्वच्छ दिसत होती. त्याखाली आणखी एक ओळ होती, पण चळवळीतल्या कुणीतरी डांबराने 'झालाच पाहिजे' असे ठसठशीत लिहून ती झाकून टाकली होती. महापालिकेतून पाटीचा मजकूर मागवला. खालची ओळ होती, 'रविवार व सार्वजनिक सुट्टीचे दिवस वगळून'. आणि चिठ्ठीवरची तारीख सुट्टीचीच होती. कोणता सण ते सांगत नाही, कारण त्यावरून पुढची हकिगत कुणाची, ते ओळखू येईल.

म्हणजे टॅक्सीवाल्याचे बरोबर होते. हवालदाराला डांबराखालची ओळ दिसली नाही आणि त्याने चिठ्ठी फाडली. प्रकरण संपले, असे समजून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी तो आल्यावर त्याला म्हणालो, "तुमचं म्हणणं मान्य आहे. चिठ्ठी चुकून दिली गेली. मी ती रद्द करण्याची शिफारस करतो. या आता."

दोन्ही हात टेबलावर टेकून तो म्हणाला, "रद्द नको, साहेब! रद्द करू नकात!"

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "अहो, तुम्हीच अर्ज केलाय ना, चिठ्ठी मान्य नाही म्हणून?"

"होय, साहेब."

"मग मी म्हणतोय, तुमचं बरोबर आहे."

"तुम्ही नाही, साहेब. कोर्टानं म्हटलं पाहिजे. हवालदारानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं पाहिजे."

"काय सांगितलं पाहिजे?"

मी आवाज चढवला, मग उतरवला, चहा मागवला. चौकशीचे जेवढे प्रकार त्या वयात मला येत होते तेवढे सगळे करून पाहिले. चहा त्याने प्यायला. शेवटी एवढेच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी गिरगावात का आलो होतो, ते विचारू नका. तुम्ही विचारलंत तर मला खोटं बोलावं लागेल. आतापर्यंत मी तुमच्याशी एक शब्द खोटा बोललेलो नाही."

तो गेल्यावर मी बराच वेळ ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होतो. गाडीचा नंबर, जागा, वेळ सव्वाचार, हवालदाराची सही. चालकाचे नाव लिहिलेले नव्हते. या कागदात असे काय आहे की माणूस तो मान्यही करत नाही आणि सोडतही नाही?

उलगडा व्हायची सुरुवात दोन दिवसांनी झाली. गिरणगावातल्या एका ठाण्यातला माझ्याबरोबरीचा अधिकारी मला भेटायला आला. प्रशिक्षणात आम्ही एकाच खोलीत होतो. खुर्चीवर बसता बसता त्याने विचारले, "तुझ्याकडे एक टॅक्सीवाला चिठ्ठीवरून भांडतोय ना?"

"तुला कसं माहीत?"

"तो आमचा आरोपी आहे. त्या सुट्टीच्या दिवशी लालबागला आमच्या गाडीवर दगडफेक झाली. चार-साडेचारची वेळ. एक साक्षीदार म्हणतोय, पुढं हाच होता. आणि हा म्हणतो, मी तेव्हा गिरगावात होतो, पोलिसांनीच चिठ्ठी दिलीय."

"मग दिलीच आहे की. सव्वाचारला."

"टॅक्सीला दिलीय. टॅक्सीत कोण होतं, कुणी लिहिलंय? ती गाडी त्याचा चुलतभाऊपण चालवतो."

आता मला अर्जाचा अर्थ लागला. दंड भरला असता तर चिठ्ठी फायलीत गेली असती. रद्द झाली असती तर केराच्या टोपलीत. फक्त कोर्टात भांडण उभे राहिले तरच हवालदार शपथेवर सांगणार होता की, मी या माणसाला सव्वाचार वाजता गिरगावात पाहिले. दंगलीच्या आरोपात शिक्षा झाली असती तर तुरुंग होताच, शिवाय टॅक्सीचा बिल्ला, म्हणजे धंदाच, गेला असता.

"पण गिरगावात तो कशाला आला होता, ते का सांगत नाही? ज्याच्याकडे आला त्याला साक्षीला आणावं," मी म्हणालो.

मित्र पुढे वाकला. "तेच तर. आम्हाला खरा हवाय तो याचा शेजारी. एकाच मजल्यावर खोल्या आहेत. चळवळीतला आहे, वॉरंट आहे, महिना झाला सापडत नाही. त्याची बायको पोटुशी होती, तीही चाळीतून नाहीशी झालीय. याला ठाऊक आहे ती कुठं आहे. ती सापडली की नवरा सापडला. तू एवढंच कर, ती चिठ्ठी रद्द करून टाक. नाहीतरी चुकीचीच आहे. हातात काही राहिलं नाही की तो बोलेल."

"आणि तो खरंच इथं असेल तर?"

"ते कोर्ट बघेल ना," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही वरून दबाव होता. त्या दगडफेकीत त्याच्या कपाळाला दगड लागून चार टाके पडले होते, तेही मला दिसत होते.

मी हवालदाराला बोलावले. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, नोकरीत माझ्यापेक्षा दुप्पट जुना माणूस. नुकताच घरच्यांसह बौद्ध झाला होता आणि दारूचा एक थेंबही घेत नाही म्हणून ठाण्यात त्याची थट्टा चाले. त्याची वही मात्र सगळ्यांत स्वच्छ असे.

"टॅक्सीत कोण होतं, आठवतं?"

"आठवतं, साहेब. बारीक अंगाचा, मालवणी बोलणारा. माझ्याशी वाद घातला त्यानं. खालची ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली. मी म्हटलं, डांबराखालचं मला वाचता येत नाही. लायसन मागणार होतो, तेवढ्यात नाक्यावर गर्दी झाली म्हणून नंबर लिहून पळालो."

"चुलतभाऊ नव्हता?"

"चुलतभाऊ मी पाहिला नाही. हा माणूस पाहिला. पुन्हा दाखवा, ओळखीन."

मी जरा थांबून विचारले, "एकटाच होता?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. "मी गेलो तेव्हा एकटाच होता. पण त्याआधी लांबून पाहिलं होतं. एका अवघडलेल्या बाईला हात धरून उतरवत होता. ती गल्लीत गेली."

त्या गल्लीत एक छोटे प्रसूतिगृह होते. गिरगावात सगळ्यांना ते माहीत होते, मलाही.

म्हणजे आता माझ्यापाशी सगळे होते. वॉरंट असलेला माणूस, त्याची बायको, ती कुठे आहे ते. लालबागकडच्या ठाण्याला महिनाभर जमले नव्हते ते मी टेबलावर बसून केले होते. एका शोधाबद्दल शाबासकी मिळाली असती. ती मला हवी होती, हे कबूल करतो.

त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर मी साधे कपडे घातले आणि त्या गल्लीत गेलो. प्रसूतिगृहाचे दार उघडेच होते. आतून फिनेलचा आणि बाळंतशेपाचा मिसळलेला वास येत होता. मधे पडदा. पडद्यामागे एक तान्हे मूल किरकिरत होते आणि एक बाई हळू आवाजात त्याला गप्प करत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, पांढरे पातळ, चष्मा.

"कोणाकडे आलात?" त्यांनी विचारले.

नाव माझ्या ओठांवर होते. अमक्याची बायको इथे आहे का, एवढेच विचारायचे होते. मी का विचारले नाही, ते सांगता येत नाही. चळवळीबद्दल मला सहानुभूती होती म्हणून? असेल. पण त्याच आठवड्यात मी मोर्च्यासमोर काठी घेऊन उभा होतो आणि काठी चालवलीही होती. तेव्हा हात थांबला नव्हता. मित्राच्या कपाळावरचे टाके आठवले नाहीत असेही नाही. मी तिथे नुसता उभा राहिलो. मग म्हणालो, "पत्ता चुकला वाटतं."

"असं होतं," त्या म्हणाल्या. खाली माझ्या पायांकडे पाहिले आणि दारातच उभ्या राहिल्या, मी गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीनियर साहेबांनी बोलावले. त्यांना कुणाचा तरी फोन आला होता. "ती पार्किंगची भानगड मिटवून टाक. चिठ्ठी चुकीची आहे असा तुझाच रिपोर्ट आहे ना?"

"हो, साहेब."

"मग कोर्टाचा वेळ कशाला घालवतोस? रद्द कर."

हुकूम तोंडी होता. मी "होय, साहेब" म्हटले, सलाम केला आणि टेबलाशी येऊन बसलो. समोर कागद तयार होते. रद्द करायचे तर एक ओळ लिहायची होती आणि कोर्टात पाठवायचे तरी एकच सही लागत होती. दहा मिनिटे मी काहीच केले नाही. हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, मला साक्षीला जायचंय की नाही?"

"गेलास तर काय सांगशील?"

"जे पाहिलं ते. आणखी काय?"

"सगळं?"

"जे विचारतील त्याचं खरं उत्तर देईन, साहेब. जे विचारणार नाहीत ते कशाला बोलू?"

मी सही केली आणि कागद त्याच्याच हाती कोर्टात पाठवून दिले. साहेबांना तासाभराने सांगितले की कागद आधीच गेले होते. हे खोटे होते. नोकरीत वरिष्ठांशी मी बोललेले ते पहिले खोटे. साहेबांनी मान वर न करता "बरं" म्हटले. त्यांना ते खरे वाटले की नाही, हेही मला कधी कळले नाही.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात किरकोळ गुन्ह्यांची रांग होती. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, मोजके बोलत. टॅक्सीवाल्याने वकील दिला नव्हता. हवालदार शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला. मॅजिस्ट्रेट टॅक्सीवाल्याला म्हणाले, "साक्षीदाराला काही विचारायचं आहे?"

"होय, साहेब." तो हवालदाराकडे वळला. "हवालदारसाहेब, त्या दिवशी सव्वाचार वाजता टॅक्सीजवळ कोण होता?"

"तुम्ही होता."

"नीट बघून सांगा. मीच का? दुसरा कोण नव्हता?"

"तुम्हीच. माझ्याशी पाटीवरून वाद घातला."

"किती वेळ?"

"मी सव्वाचारला चिठ्ठी लिहिली. पाच वाजता परत आलो तेव्हाही तुम्ही गाडीत बसून होता."

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवले. "अहो, तुम्हाला कळतंय का? गाडी तुम्हीच लावली होती, हे तुम्ही स्वतःच सिद्ध करताय."

"कळतंय, साहेब."

त्यांनी सरकारी वकिलाकडे पाहिले. वकिलाने खांदे उडवले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो. तो बाईबद्दलचा प्रश्न कुणीतरी विचारील, अशी मला धास्ती होती. कुणी विचारला नाही.

निकाल चार ओळींचा होता. आरोपी सव्वाचार ते पाच त्या जागी होता, हे शाबीत. परंतु दिवस सार्वजनिक सुट्टीचा असल्याने गुन्हा होत नाही. आरोपी निर्दोष.

टॅक्सीवाला जागचा हलला नाही. म्हणाला, "साहेब, ते पहिलं वाक्य मला लिहून मिळेल का? दुसरं नसलं तरी चालेल."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिले आणि कारकुनाला सांगितले, "निकालाची नक्कल यांना आजच द्या."

त्या नकलेवर पुढे लालबागच्या खटल्यातून त्याचे नाव निघाले. मित्राने मला दोष दिला नाही, पण त्यानंतर आमच्यात पूर्वीचे काही राहिले नाही. शेजारी त्याला सापडला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्या माणसावरचे वॉरंटही रद्द झाले आणि तो चाळीत परत आला.

राज्य झाल्यानंतर पुढल्या वर्षी कधीतरी मी परळला एका कामासाठी उभा असताना एक टॅक्सी समोर थांबली. तोच होता. "बसा, साहेब," म्हणाला. मी बसलो. थोडे अंतर गेल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुम्ही त्या दवाखान्यात आला होता ना? डॉक्टरीणबाईंनी तुमचे बूट बघून ओळखलं, पोलीस म्हणून."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"त्या दिवशी माझा शेजारी आतच होता. मुलीला बघायला आला होता. तुमचा आवाज ऐकला, तेव्हा त्यानं पोरीला बायकोच्या कुशीत ठेवलं आणि पडद्याशी येऊन उभा राहिला. मागं वाट नव्हती. म्हणाला, आता नेतील." टॅक्सीवाल्याने गाडीचा वेग कमी केला. "तुम्ही आत का नाही आलात, साहेब?"

"पुढच्या नाक्यावर उतरवा," मी म्हणालो.

या केसने मला काय शिकवले, असे विचारले तर धंद्यापुरते एक सांगता येते. माणूस ज्या गोष्टीवरून भांडतो तीच त्याला हवी असते असे नाही. तो तुमच्याकडून दुसरेच काही वदवून घेत असतो. हे मला पुढे फार उपयोगी पडले. पण बाकीचे तसेच राहिले. टॅक्सीवाल्यावर दगडफेकीचा खोटा आळ येत होता, तो टळला, याचे समाधान आहे. त्याच दिवसांत एका दारातून परत फिरून एक फरारी माणूस मी सोडून दिला, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच माणसाने केल्या आणि त्यांची सांगड मला घालता येत नाही.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी कितीतरी दारांतून आत गेलो, काही लाथ मारून उघडली. त्या एका उघड्या दारातून आत का गेलो नाही, याचा खुलासा वरिष्ठांनी कधी मागितला नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हते. मी स्वतःकडे मात्र तो पुष्कळदा मागितला आहे. अजून मिळालेला नाही.